टरफलं झाडायची नाहीत

कांद्याच्या चाळीत झाडू मारायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून कोपऱ्यातला खराटा उचलला, तर फौजी काका दारातूनच म्हणाले, "जवान, ठेव तो खाली. टरफलं झाडायची नाहीत." मी तेव्हा चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, आणि हे मला जवान म्हणतायत. मला वाटलं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला असणार. गावाचंही मत साधारण तेच होतं.

देवळ्याजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना फौजी म्हणायचे, आम्ही पोरं पुढं काका लावायचो. पंचवीस वर्षं लष्करात काढली, पण सगळी वर्कशॉपमध्ये. बंदुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. ते निवृत्त होऊन आले तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस पारावर बसून मिशांना पीळ देत लढाईच्या गोष्टी सांगणार. यांना मिशाच नव्हत्या, आणि गोष्टी सांगायचे त्या स्प्रिंगच्या आणि वायसरच्या. दोन दिवसांत पारावरचे लोक कंटाळले.

मग त्यांनी काय करावं, तर घरच्या दोन कांदाचाळींपैकी एक रिकामी केली. दोन बाजूंना कांद्याचे कप्पे आणि मधे चालायला बोळ, अशी ती चाळ होती. काकांनी कप्पे काढून टाकले, एका टोकाला निशाण्यासाठी चार लाकडी चौकटी उभ्या केल्या, दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ मारली. मधे अंतर मोजून दहा मीटर. छर्‍याच्या तीन बंदुका, त्यातल्या दोन जुन्या आणि एक बरी. झाली नेमबाजीची रेंज तयार. शिकायला आम्ही पाच जण, त्यातले दोघं नुसतेच बंदूक हातात धरायला मिळते म्हणून यायचे.

ज्यांनी कांदाचाळ पाहिली नसेल त्यांना सांगते. तिच्या भिंती लाकडी पट्ट्यांच्या असतात आणि पट्ट्यांमधे बोटभर फट ठेवलेली असते, वारा आरपार जावा आणि कांदा सडू नये म्हणून. शहरात हा खेळ बंद हॉलमध्ये, पंखेसुद्धा बंद करून खेळतात. आमच्याकडं पौषात सकाळी सहा वाजता त्या फटींतून असा वारा यायचा की बंदुकीच्या नळीवर नाक गळायचं. त्यात काका आधी आम्हाला गुरांच्या हौदात मनगटापर्यंत हात बुडवायला लावायचे. "हात गरम असताना कोणीबी मारतं," म्हणायचे. माझी आई एकदा भांडायला आली होती. काकांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग तिच्या हातातल्या बॅटरीचं बटण अडकतंय म्हणाले आणि ते नीट करून दिलं. ती भांडण विसरून घरी गेली.

हे एक त्यांचं वेडच होतं. बिघडलेली वस्तू समोर आली की माणसाला बाकी काही दिसायचं नाही. एकदा शेजारच्या गावी कोणाच्या दहाव्याला गेले, तिथं विहिरीवरची मोटर बंद पडलेली. लोक पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसले होते आणि हे बनियनवर मोटरच्या पोटात हात घालून. कावळा शिवला, लोक जेवायला बसले, तेव्हा कुठं फौजींची आठवण झाली. वस्तू कोणाची, मालक मित्र की वैरी, हे विचारायची त्यांना सवयच नव्हती. खिशात चुन्याची डबी असायची, पण तंबाखू खात नसत. डबीत रबराच्या बारक्या रिंगा, दोन-चार स्क्रू, एक सुई.

आणि ती टरफलं. कांद्याची वाळलेली टरफलं त्यांनी मुद्दाम तीन ठिकाणी पसरून ठेवली होती, आमच्या पायाशी, चाळीच्या मध्यावर आणि चौकटीच्या खाली. कारण महिनाभर सांगितलंच नाही. मग एक दिवस म्हणाले, "बघ. आधी पायाशी हललं. आता मधे हललं. आता तिकडं हललं. थांबलं का? मग मार." एवढंच. वारा कुठून येतो, कधी पडतो, पडल्यावर किती वेळ मिळतो, हे त्या पसाऱ्यानं मला शिकवलं. कधी एक टरफल नळीवर ठेवायचे आणि ते पडू न देता उभं राहायला सांगायचे. पडलं की चाळीला एक फेरी. मी इतक्या फेऱ्या मारल्या की तिथं पायवाट झाली.

शॉट कसा बसला यावर ते कधी बोलत नसत. मधोमध दहा गुणांचा बसला तरी "पुढचा", चार बसला तरी "पुढचा". मला या शब्दाचा भयंकर राग यायचा. पहिल्यांदा सलग पाच वेळा दहा मारले तेव्हा मी आशेनं वळून पाहिलं. काका नखातलं ग्रीस काढत होते. "पुढचा," म्हणाले.

आणि त्यांना स्वतःला बंदूक मारताना आम्ही कोणी कधीच पाहिलं नाही. दुरुस्त केलेली बंदूक ते टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात आवळायचे आणि तशीच उडवून तपासायचे. "काका, तुम्ही मारून दाखवा ना," म्हटलं की म्हणायचे, "मी कारागीर माणूस. नेमाचं तुम्ही बघा."

हे सगळं काकूंच्या डोळ्यांत खुपायचं, आणि का खुपू नये? कांद्याचा सगळा व्यवहार त्याच बघायच्या. एक चाळ भरलेली आणि एकीत पोरं फटफट करतायत, हे कोणत्या बाईला सहन होईल? काकू बोलायच्या अहिराणी, आवाज खणखणीत. चाळीत मात्र पाऊल टाकत नसत, उंबऱ्याशीच थांबायच्या. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्या तशाच येऊन उभ्या राहिल्या आणि आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "तीन वरीस व्हयनात. चाळ कांदासाठे बांधेल शे, पोरेसना खेळासाठे नही. यंदा एक पोर राज्यले गयं तर चाळ तुमनी. नही तर उन्हाळी कांदा मी आठे भरसू."

राज्य स्पर्धेला एकतरी पोर गेलं पाहिजे, नाहीतर काकू इथं कांदा भरणार, रेंज बंद. काकांनी मान डोलावली. "मंजूर," म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. बाकीचे चौघंही माझ्याकडंच बघायला लागले. त्याच क्षणी मनात पक्कं झालं की चाळ जाऊ द्यायची नाही. सतरा वर्षांची होते. त्या दोन महिन्यांत मी हौदात हात घालताना एकदाही कुरकुर केली नाही.

विभागाची स्पर्धा जानेवारीत नाशिकला होती. पहिले आठ राज्याला जाणार. आम्ही पहाटे पिंपळगावच्या बाजाराला लाल कांदा घेऊन निघालेल्या पिकअपमध्ये बसलो, बंदूक माझ्या मांडीवर आडवी. त्या आठवड्यात निफाडकडं थंडीपासून वाचवायला लोकांनी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या होत्या, आणि वर आभाळ भरून आलेलं. पिंपळगावहून एसटीनं नाशिकला पोचलो तर कळलं, हॉलमध्ये विजेचं काम निघालंय, स्पर्धा मैदानावर मांडवात होणार. तीन बाजूंना कापडी कनाती, पुढं टारगेटच्या चौकटी, वर ताडपत्री. वाऱ्यानं सगळा मांडव फडफडत होता.

शहरातल्या मुली मांडव बघून रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचे पालक आयोजकांशी हुज्जत घालत होते. काकांनी एकदा मांडवाला फेरी मारली, फटी बघितल्या आणि म्हणाले, "आपली चाळच आहे ही." मग मला आखून दिलेल्या पट्ट्यात पुढं जाऊन खिशातून टरफलं काढली आणि तीन ठिकाणी मूठ मूठ टाकली.

"आजोबा, कचरा कुठं करताय?" एक पंच धावत आले.

"साहेब, टरफल टाकू नये असं नियमात कुठं असंल तर दाखवा. उचलतो."

पंचांनी खरंच नियमाचं पुस्तक काढलं, दोन पानं उलटली, थंडीनं बोटं चालेनात म्हणून मिटलं आणि निघून गेले. काका माझ्याकडं बघून समाधानानं हसले. तेवढ्यात असा एक झोत आला की आमची सगळी टरफलं उडून शेजारच्या पट्ट्यातल्या मुलीच्या पायाशी गेली. आमच्या चाळीतला वारा फटींतून गाळून यायचा, हा मोकळ्या मैदानातला होता, हे त्या शहाण्या माणसाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकांचं तोंड पहिल्यांदाच उतरलेलं बघितलं मी.

साठ शॉट, दीड तास. बंदूक खांद्याला लावली आणि सवयीनं पायाशी बघितलं तर टरफल नाही. दोन मिनिटं नुसती घाबरून उभी होते. मग दिसलं, पायाशी कनातीची खालची किनार हलतेय. मधे ताडपत्रीची एक दोरी लोंबतेय. पुढं टारगेटच्या कागदाचा कोपरा उडतोय. किनार, दोरी, कोपरा. जागा तीनच होत्या. कोपरा थांबला आणि मी मारला. नऊ. मनातल्या मनात पुढचा म्हटलं.

शेजारची मुलगी लाल जॅकेटमधली, नाशिकच्याच कुठल्यातरी अकॅडमीची, चांगली भारी बंदूक. ती वाऱ्याशी भांडत होती. मी वाऱ्याची वाट बघत होते. पंचवीस-तीस शॉट झाले असतील, गारा सुरू झाल्या. वाटाण्याएवढ्या, पण ताडपत्रीवर आवाज असा की पंचांची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. स्पर्धा थांबली. ज्यांना सोडायचं त्यांनी सोडावं असं जाहीर झालं, आणि सहा-सात जणी आपापल्या गाडीत जाऊन बसल्या. मी बोटं काखेत घालून जागेवरच उभी. लाल जॅकेटवालीही उभी. तिचे ओठ निळे पडले होते. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.

परत सुरू झालं तेव्हा गारठा दुप्पट. पण मला आता मांडवाची भाषा कळायला लागली होती. नऊ, दहा, दहा, नऊ. काकूंचा आवाज डोक्यात वाजत होता, आठे भरसू, आठे भरसू, आणि मी दर शॉटला मनात म्हणत होते, नाही भरू देणार. चव्वेचाळिसावा शॉट मारून बंदूक खाली घेतली आणि शेजारून फुस्स आवाज आला. लाल जॅकेटवालीच्या बंदुकीची हवा गळत होती. थंडीनं आतलं रबर कडक होऊन चिरलं होतं. तिचा कोच फोनवर कोणालातरी दुसरी बंदूक आणायला सांगत होता आणि पलीकडचा माणूस ट्रॅफिकमध्ये अडकलेला. दुरुस्तीला नियमाप्रमाणे मोजकीच मिनिटं मिळतात. ती मुलगी हुंदका न काढता नुसती रडत होती.

काका उठले. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मनात म्हटलं, नको, काका, बसा खाली. ती आणि मी गुणांत पुढंमागंच होतो, हे त्यांनाही दिसत होतं. पण समोर बिघडलेली बंदूक होती. पंचांना विचारून ते तिच्याजवळ जमिनीवर बसले, रुमाल अंथरला, चुन्याची डबी उघडली. त्या डबीत त्या मापाची रिंग एकच होती. माझ्या बंदुकीला लागली तर असावी म्हणून आणलेली.

मी बंदूक उचलली आणि रागानं मारली. किनार नाही, दोरी नाही, काही बघितलं नाही. सहा.

तिथं काकांनी रिंग बसवली, हवा भरली, नळीला कान लावला आणि बंदूक त्या मुलीच्या हातात दिली. आणि म्हणाले, "पुढचा."

ते तिला म्हणाले की मला, हे आजही मला माहीत नाही. पण माझा हात थांबला. किनारीकडं बघितलं. उरलेल्या पंधरा शॉटमध्ये मी नऊच्या खाली एकही मारला नाही. आयुष्यात त्यांच्याइतके चांगले पंधरा मी त्यानंतरही फार वेळा मारलेले नाहीत.

निकाल लागला. लाल जॅकेटवाली आठवी. मी नववी. फरक एका गुणाचा.

एसटी स्टँडवर येईपर्यंत मी काकांच्या दहा पावलं पुढं चालत राहिले. मग मात्र सुटले. "काका, आपली चाळ गेली. कळतंय का तुम्हाला? ती रिंग माझी होती. कोण होती ती तुमची?"

"कोणी नाय," काका म्हणाले.

"मग?"

"अगं, ती गारांत उभी राहिली ना तुझ्याशेजारी? ती घरी गेली असती तर तू हरवलं असतंस कोणाला? दोन रुपयांच्या रबराला?" त्यांनी बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चाळ माझी गेली, जवान. मला लय वाईट वाटतंय. पण तो सहा काय मी मारला नाय."

मला रडू आलं ते या वाक्यानं. खरं होतं ते. काकांनी मला कटिंग चहा आणून दिला आणि मी पिईपर्यंत स्टँडवरच्या पाणपोईचा गळका नळ आवळत उभे राहिले.

घरी गेल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. रिंगेचंसुद्धा. एप्रिलमध्ये सुतार आला, कप्पे परत बसले आणि उन्हाळी कांदा भरायला सुरुवात झाली. शब्द म्हणजे शब्द. शेवटच्या दिवशी मी चौकटी उचलायला म्हणून गेले. चाळ दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली, आणि मधला बोळ रिकामा. बोळाच्या पार टोकाला एक चौकट उभी. अलीकडं उंबऱ्याशी चुन्याची ताजी रेघ, जरा वाकडी. काकूंच्या बोटांना चुना होता.

मी काकूंकडं बघतच राहिले. काका माझ्यामागं उभे होते, त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. चार चौकटींची रेंज पाहिजे म्हणून हटून बसलेल्या त्या माणसाला एका चौकटीची रेंज कधी सुचलीच नव्हती.

"मनाकडे काय बघतस?" काकू म्हणाल्या. "कांदाले वारा लागस. बोळ ठेवाच लागस. पण याद राखा, एक छर्रा जरी कांदामा सापडना, तर ज्याना व्हई त्याले मी बाहेर काढसू."

तो उन्हाळा आणि तो पावसाळा आम्ही त्या दोन हात रुंदीच्या बोळात सराव केला. दोन्हीकडं काकूंचा कांदा, मधे आम्ही. नेम चुकवायची सोयच नव्हती. टरफलांना तर तोटा नव्हता. मी पुढच्या जानेवारीत राज्यासाठी निवडले गेले, आता पोलिसात आहे आणि सरावाला रेंजवर गेले की अजून आधी पायाशी बघते. पण सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या दसऱ्याचं.

दसऱ्याच्या सुमारास चाळ फोडली, म्हणजे साठवलेला कांदा निवडायला बाहेर काढला. दुपारी काकूंनी आम्हा पाचही जणांना बोलावणं पाठवलं. त्यांच्या हातात एक सडका कांदा होता, मधोमध चिरलेला, आणि त्याच्या पोटात छर्रा.

"कोना शे हाऊ?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. माझा नव्हता, मी शपथेवर सांगितलं. बाकीच्यांनीही सांगितलं. काकू एकेकाच्या तोंडाकडं बघत पुढं सरकत होत्या. मागून काका खाकरले.

"माझा आहे," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्ही शाळेत गेल्यावर, दुपारी. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंदुका नीट करून दिल्या. म्हटलं, एकदा बघू तरी मारून."

कोणी हसलं नाही. एवढी वर्षं हा माणूस आम्हाला शिकवत होता, आणि मनात ही इच्छा घेऊन.

"निंघा मंग बाहेर," काकू म्हणाल्या.

आणि काका निघाले. उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. आठ दिवस त्यांनी आम्हाला बाहेरूनच शिकवलं, पट्ट्यांच्या फटीतून डोळा लावून. गाव हसलं. नवव्या दिवशी सकाळी काकू आल्या आणि थेट चाळीच्या आत आल्या. तीन-चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ती बरी बंदूक उचलली, उलटीच धरली होती, आणि काकांपुढं केली.

"चोरीन नका मारू. आते आमना समोर मारा."

काका रेघेवर उभे राहिले. घड्याळाच्या आतला स्क्रू डोळे मिटून बसवणारे ते हात आता बंदुकीवर जागा शोधत होते. खूप वेळ त्यांनी टरफलांकडं बघितलं, पायाशी, मधे, तिकडं. मग मारला. मी पळत जाऊन चौकटीवरचा कागद बघितला.

"पाच," मी म्हटलं. माझ्या तोंडून फार हळू निघालं ते.

काकांनी बंदूक खाली घेतली आणि मान खाली घातली. ते ती परत ठेवायला वळले. वाटेत काकू उभ्या होत्या, पदर खोचून, हलायला तयार नाहीत.

"पुढचा," काकू म्हणाल्या.